आत्याच्या कॉमिकचे गुण

मी गणिताच्या शिकवण्या घेते, त्यामुळे गुण कापणं हा माझा रोजचा धंदा. तरीही जुन्या कॉमिकला कुणी दहापैकी गुण देतं, आणि तेही दशांशात, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसूच फुटलं. गोष्ट कशी आहे, चित्रं कशी आहेत, याला एकही गुण नाही. कागद किती शाबूत आहे एवढंच बघायचं, आणि मग ते पुस्तक पारदर्शक प्लॅस्टिकच्या कडक डबीत कायमचं बंद करून टाकायचं. पुस्तक वाचायचं का पुरायचं, असं मी त्या दुकानदाराला तोंडावर विचारलं होतं.

दुकान महाडच्या बाजारपेठेत आहे. पाटीवर टी-शर्ट आणि कपांवर फोटो छापून मिळतील असं लिहिलंय. मालक बरीच वर्षं दुबईत जुन्या कॉमिकच्या दुकानात होते, तिथे हे काम शिकले आणि परत आल्यावर टी-शर्टच्या गरम प्रेसवरच कॉमिक सरळ करू लागले. मुंबईचे शौकीन लोक त्यांच्याकडे कुरिअरने पुस्तकं पाठवतात. गावात सगळे त्यांना भाई म्हणतात, म्हणून मीही. भाई नम्र वगैरे अजिबात नाहीत. "अख्ख्या कोकणात हे काम करणारा मी एकटा," हे वाक्य आल्यागेल्या प्रत्येकाला ऐकावं लागतं.

माझ्याकडे एकच कॉमिक होतं, आणि तेही माझं नव्हे, आत्याचं.

माझे वडील ट्रक चालवायचे. मी तेव्हा पाळण्यात होते. घाटात दरड आली की गाड्या तासन्‌तास अडकायच्या, म्हणून ते वाचायला काहीबाही जवळ ठेवत. हे कॉमिक त्यांनी आणलं आणि पोलादपूरच्या वरच्या वाडीतल्या आमच्या घरी, चुलीपुढे बसून, आत्याला वाचून दाखवायला घेतलं. आत्या शाळेत गेलेली नाही. ते चित्रावर बोट ठेवून वाचायचे, पान ती उलटायची. राजाच्या मुलाला कड्यावरून ढकलतात तिथवर गोष्ट आली आणि त्यांना गाडीवर जायची हाक आली. पुढे काय होतं, असं आत्याने विचारलं. "मलापन ठाव नाय, आल्यावर दोगं वाचू," ते म्हणाले. आत्याला ते खरं वाटलं नाही. गपचूप सगळं वाचून बसला असेल आणि आता मला झुरवतोय, असं वाटून ती रागाने म्हणाली, "लबाड हायस तू." त्या फेरीत कशेडी घाटात गाडी दरीत गेली. बहीण भावाशी शेवटचं बोलली ते हे.

आत्याने ते कॉमिक चुलीवरच्या फळीवर ठेवलं, धुरात. आमच्याकडे पावसाळ्यात बुरशी लागू नये, वाळवी लागू नये, म्हणून जपायची वस्तू तिथेच जाते. पुढची पानं तिने कुणाला उघडू दिली नाहीत. मी शिकले, मास्तरीण झाले, दहादा म्हटलं, आत्या, मी वाचते. ती म्हणायची, "नको गो." लबाड शब्द तिच्या मनातून गेला नव्हता, आणि भाऊ खरं बोलला होता का, हे आता तिला कधीच नक्की कळणार नव्हतं.

महाडच्या पुरात माझ्या तिथल्या घरात पाणी शिरलं आणि वडिलांचं होतं नव्हतं ते सगळं गेलं. तेव्हा आत्याने स्वतःहून ते कॉमिक काढून दिलं. "वाकडं झालंय. सरळ करून आन, आनि नीट ठेव," म्हणाली. वडिलांचा हात लागलेली तेवढी एकच वस्तू आता उरली होती. मला ती डबीत बंद करून हवी होती, म्हणजे पुन्हा कुठलंही पाणी तिला शिवणार नाही.

भाईंनी ते लगेच हातात घेतलंच नाही. "आधी बघायला शिका, ताई. मग मला सांगा काय करायचं." म्हणून मी शिकवण्या सुटल्यावर चार दुपारी तिथे बसले. त्यांनी हात धुवून, कोरडे करून, खोलीतला दिवा बंद केला आणि एक लहान दिवा टेबलाच्या पातळीवर आडवा धरला. समोर कुणा मुंबईकराचं कॉमिक होतं, मला कोरं करकरीत दिसलेलं. आडव्या उजेडात त्याच्या मुखपृष्ठावर खड्डे, सुरकुत्या, नखाची खूण, पेल्याचं गोल वळं, सगळं उठून आलं. मी खुर्चीतून अर्धी उठले. इतकी वर्षं उत्तरपत्रिका तपासल्या, पण कागद असा बोलताना मी पाहिला नव्हता.

भाई सांगत गेले. दुमड पडून रंग तुटला असेल, आतला पांढरा कागद दिसत असेल, तर ते गुण गेले ते गेले. नुसताच कागद दबला असेल तर तो उठवता येतो. आधी मऊ रबराच्या चुऱ्याने मळ उचलायचा, कारण मळ राहिला आणि वर उष्णता बसली तर तो जन्माचा चिकटला. मग कागदाला किंचित दमट हवा द्यायची. "त्याला इथे यंत्र नको, महाडची हवा बस आहे," भाई म्हणाले. मग दोन गुळगुळीत कागदांच्या मध्ये ठेवून मंद आचेवर दाबायचं आणि दाबातच थंड होऊ द्यायचं. घाई केली की पुस्तक पापडासारखं वाकतं. त्यांनी मला एक रद्दी कॉमिक दिलं. मी घाई केली. ते वाकलं. भाईंना फार आनंद झाला.

मग माझ्या कॉमिकची पाळी आली.

आडवा दिवा धरताच भाई पुढे वाकले. मुखपृष्ठभर बारीक लांबट खळगे होते. त्यांनी भिंग लावलं. "हे धान्याखाली होतं. तांदूळ नव्हे, भात. टोकाला कुसळाची खूण दिसतेय."

मला आत्याचा राग यावा का हसू, कळेना. द्यायच्या आधी आठवडाभर तिने ते आपल्या परीने सरळ केलं होतं, भाताच्या गोणीखाली! भाई म्हणाले, हे खळगे जातील, काळजी नको. धुराने कडा तपकिरी झाल्या होत्या, त्याचे गुण गेले. पण पिना बघून त्यांच्या भुवया वर गेल्या. कोकणातल्या पुस्तकाच्या पिना गंजलेल्याच असायच्या. या लखलखत होत्या. "तुमच्या आत्याची चूल माझ्या सगळ्या मशिनरीला भारी आहे," ते म्हणाले. त्यांनी हे दुसऱ्या कुणाविषयी म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

पानं मोजायला घेतली. पुस्तक पुरं आहे ना, हे गुण देताना बघावंच लागतं. पहिल्या पानांच्या खालच्या कोपऱ्यावर काजळीची बोटं होती, एकावर एक. मी ओळखली ती, आत्याची. वाचणाऱ्याने पानं मागे दुमडून, एका हातात पुस्तक धरलं होतं, त्यानेच कणा वळला होता, असं भाई म्हणाले. मध्यापर्यंत आल्यावर बोटं थांबली. भाईंचा हातही थांबला.

"ताई, वाचणाऱ्याने इथेच सोडलंय."

"हो. माहीत आहे मला."

"नाही, तुम्हाला माहीत नाही. हे बघा." त्यांनी पानांची वरची कड उजेडात धरली. छापखान्यात मोठा कागद घडी घालून कापतात, तिथे या पुस्तकाला पातं नीट लागलंच नव्हतं. पुढची पानं वरच्या बाजूला घडीनेच जोडलेली होती, छापखान्यातून आली तशी. आतली चित्रं बघायची तर घडी फाडावी लागली असती, आणि ती फाडलेली नव्हती. "हे छापल्यापासून कुणी वाचलेलं नाही. कुणीच नाही. असा नग शौकिनांना मिळत नाही, ताई. घडी जपा, गुण वाढतील."

मी नुसतीच रडत बसले, आणि भाई बिचारे आपलं काही चुकलं का म्हणून पाणी आणायला धावले.

प्रेसमधून पुस्तक दुसऱ्या दिवशी निघालं. भाताच्या एकाही दाण्याची खूण मुखपृष्ठावर उरली नव्हती. डबीत घालायला पाठवू का, असं भाईंनी विचारलं. मी म्हटलं, थांबा, आणि पोलादपूरची एसटी धरली.

आत्या चुलीपुढे भाकऱ्या करत होती. मी तिला दारातल्या उजेडात आणलं आणि तिचं नख त्या घडीवरून फिरवलं. "आत्या, बाबा पुढचं वाचूच शकले नसते. पानं अजून जोडलेली आहेत."

तिने पुन्हा नख फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. "म्हंजी तो खरं बोलत व्हता?"

"खरं बोलत होते."

"माज्यासाठी थांबलेला गो तो." तिने पदर तोंडाला लावला. मीही रडले. मग तिने डोळे पुसले, केरसुणीतून एक हीर, एक कडक काडी, उपसली आणि माझ्या हातात दिली. "काप."

मी तिला सांगितलं की हे असं मिळत नाही, कापलं तर गुण जातील.

"गुन काय करायचे? आल्यावर दोगं वाचू म्हनला व्हता. काप गो."

मी घडीत हीर सरकवली. कड थोडी वेडीवाकडी फाटली. आतला कागद पांढरा निघाला, धूर तिथे पोचलाच नव्हता. मी चित्रावर बोट ठेवून वाचायला लागले. पान संपलं की आत्या हात पुढे करून ते उलटायची. तिची पिठाची, काजळीची बोटं त्या पांढऱ्या कडेवर उमटत होती, आणि मी एकदाही तिचा हात अडवला नाही.