वाळवीखाऊ पिल्लांचा बाबा

फ्रिस्कोतल्या आमच्या शेजारच्या काकू रिटायर झाल्यापासून झूमध्ये आर्डवुल्फपाशी व्हॉलंटियर करतात. हा तरसाचा वाळवी खाणारा भाऊबंद. नावावरून कुणी त्याला लांडगा म्हटलं, की काकू भडकतात. आणि प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायच्या पॉटलकला बाळ बायकोकडे सोडून कुणी आधी प्लेट उचलली, तर लेक्चर ठरलेलं: "आर्डवुल्फची आई जेवायला जाते, तेव्हा बाबा पिल्लं राखतो. आयाळ फुलवून कोल्ह्यांना पळवतो. चल, बाळ घे!"

परवा मी आधी बायकोला जेवायला पाठवलं. आयाळीऐवजी टक्कल मिरवत, लेकीला कडेवर घेऊन कोपऱ्यात उपाशी उभा होतो. काकू आल्या आणि माझ्या तोंडात अख्खा बटाटेवडा कोंबला.

वडा गिळून मी विचारलं, "काकू, त्या बाबाला कोण भरवतं?"

"कुणी नाही रे. त्यांच्यात काकू नसते ना!"