शेवटचं बिऱ्हाड

आमच्या घोडपदेवच्या चाळीत सत्यनारायणाचा प्रसाद बिऱ्हाडवार वाटतात. एका घरची माणसं रांगेत एकत्र उभी राहतात आणि तेवढ्यांचा शिरा त्यांच्या एकाच डब्यात पडतो. यंदा मोजायचं काम माझ्या गळ्यात पडलं. सगळ्यांचं एकच, "तू कॉम्प्युटरवाली ना, मग मोज की!" मी कसली डोंबलाची कॉम्प्युटरवाली! लेक झाल्यापासून नोकरी सोडून घरी बसलेली बाई.

त्यात आदल्याच दिवशी परळच्या एका कंपनीत मुलाखतीला जाऊन मी घाम पुसत परत आले होते. कोडं तसं पोरकट. तेच अक्षर लागोपाठ किती वेळा आलंय, ते मोजायचं. 'ककककखखग' दिलं, तर प्रोग्रामने सांगायचं: क चार, ख दोन, ग एक. माझा प्रोग्राम क सांगे, ख सांगे आणि ग खुशाल गिळून टाके. मुलाखत घेणारी मुलगी गोड हसून म्हणाली, "उद्या संध्याकाळपर्यंत दुरुस्त करून पाठवा, मॅडम." ते 'मॅडम' मला फार लागलं हो. ही नोकरी मला हवीच होती. कुणी 'हल्ली काय करतेस?' विचारलं की विषय बदलायचा, याचा मला वीट आला होता.

बरं, नोकरी मिळालीच, तर शाळेतून आलेल्या लेकीला सांभाळणार कोण? नवऱ्याला शिफ्ट. सगळी भिस्त शेजारच्या मालवणी काकूंवर. पण काकूंचा पारा कधी चढेल याचा नेम नाही, म्हणून अजून विचारायची छाती झाली नव्हती. म्हटलं, आधी प्रसाद उरकू, मग प्रोग्राम, मग काकू.

तर मी रांगेच्या तोंडाशी उभी. डोकी मोजत जायची, दुसऱ्या घरचं माणूस दिसलं की आधीच्यांचा आकडा ओरडायचा, "चार!", की नवरा डबा भरणार. काय झकास चाललं होतं! सगळ्यात शेवटी काकू आल्या, मागे दोन्ही सुना. मी तिघींना मोजलं आणि पुढच्या बिऱ्हाडाची वाट बघत राहिले. येणार कुठून? मागे नुसता जिना. मी गप्प, म्हणजे वाटप संपलं, असं समजून नवऱ्याने मान वर न करताच पातेल्यावर झाकण टाकलं.

"काय गो," काकू कडाडल्या, "आमी काय भुतां? तुझे डोळे खंय गेले?"

सगळी चाळ वळून बघायला लागली. आणि मी? माफी मागायची सोडून खो खो हसत सुटले. अहो, मला गिळलेला ग सापडला होता! पुढचं अक्षर बदललं की मागच्याचा आकडा सांग, असं मी प्रोग्रामला शिकवलं होतं. शेवटच्या अक्षरानंतर बदलणार काय, कपाळ? रांग संपली की हातात उरलेल्या बिऱ्हाडालाही वाढ, एवढंच सांगायचं राहिलं होतं. पण काकूंना वाटलं, ही बया आपल्यालाच हसतेय. "नको तुझो शिरो!" म्हणून रिकामा डबा घेऊन त्या तरातरा निघून गेल्या. प्रसाद नाकारल्यावर काय होतं, ते सगळ्यांनी नुकतंच कथेत ऐकलं होतं, त्यामुळे धाकटी सून मागून येऊन गुपचूप डबा भरून घेऊन गेली.

मी घरी पळाले. राहिलेलं लिहिलं, चालवून बघितलं, ग आला, पाठवून दिलं. दोन दिवसांनी फोन आला, सोमवारपासून या. आनंद झाला, पण काकू मला बघितलं की मान फिरवत होत्या.

शेवटी गेले त्यांच्या दारात. काकू लसूण सोलत बसल्या होत्या.

"काकू, चुकलं माझं. मी तुम्हाला हसले नव्हते, देवाशप्पथ. आणि... मला नोकरी लागलीय. म्हणजे, लेकीला दुपारी..."

काकूंनी मान वर केली नाही. "तू मुलाखतीक गेलंस त्याच दिसा सुनेक सांगून ठेवलंय, तुझ्या चेडवाक तिखट चलना नाय म्हणान. दुपारचा ती हयच जेवतली."

मी दारातच बसले आणि ढसाढसा रडले.

"रडतंस कित्याक?" काकूंनी लसणाचं ताट माझ्याकडे सरकवलं. "सोल."