साडेतीन मिलिमीटरचा स्टेंट

रत्ना बोकारे नागपूरला फिजिक्स शिकवायच्या. अमेरिकेत ईडन प्रेरीला आल्यावर त्या मेडिकल उपकरणांच्या एका कारखान्यात तपासनीस झाल्या आणि पुढची एकोणीस वर्षं त्यांनी मायक्रोस्कोपला डोळा लावून काढली. रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या बारीक तारांच्या जाळ्या, म्हणजे स्टेंट, तपासायचे, कुठे ओरखडा दिसला की बाजूला काढायचे. सुपरवायझर "चालतंय हो" म्हणाला, तरी रत्नाताईंना पटलं नाही तर माल पुढे जायचा नाही. एकदा तर त्यांनी अख्खा लॉट अडवून धरला होता.

रिटायर झाल्यावर त्यांच्याच हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसला. दोन वर्षं ठणठणीत गेली. मग या मार्चमध्ये लायब्ररीसमोरचा चढ चढताना छातीत स्टेंटच्या आधीची तीच जुनी ओढ जाणवली. थांबलं की जायची, चाललं की यायची.

स्ट्रेस टेस्ट नॉर्मल आली.

"तुमचे मिस्टर जाऊन आठच महिने झालेत," हृदयरोगतज्ज्ञ डॉ. लिंडग्रेन हळुवारपणे म्हणाले. "अशा काळात हे होतं. मी अँग्झायटीची गोळी लिहून देतो."

"नवरा गेल्याचं दुःख मला बसल्या जागीही होतं," रत्नाताई म्हणाल्या. "ही ओढ फक्त चढावर येते. दुःखाला चढ-उतार कळत नाहीत, डॉक्टर. मला सीटी अँजिओग्राफी हवी आहे."

"स्टेंटच्या आतलं सीटीत नीट दिसत नाही. धातू चमकतो, आतली पोकळी झाकून टाकतो."

"बारीक स्टेंटमध्ये." त्यांनी पर्समधून स्टेंटचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. "माझा साडेतीन मिलिमीटरचा आहे. तीन किंवा त्याहून मोठा असेल तर सीटी करता येते. तुमच्याच गाइडलाइनमध्ये वाचलंय मी."

डॉक्टरांनी कार्ड उचलून नीट पाहिलं आणि टेस्ट लिहून दिली. ती इन्शुरन्स कंपनीने नाकारली.

"आई, प्लीज, लेट इट गो," मुलगी चैत्राली वैतागून म्हणाली. "टेस्ट नॉर्मल आलीये ना? उगाच कशाला स्ट्रेस घेतेस?"

"स्ट्रेस मी घेत नाहीये, देतेय," म्हणत रत्नाताईंनी लॅपटॉप उघडला. कोणत्या तारखेला, किती पावलांवर दुखलं, किती मिनिटांनी थांबलं, असं सगळं लिहून त्यांनी अपील पाठवलं. वर फोनही केला. इन्शुरन्स कंपनीतली मुलगी म्हणाली, उत्तराला तीस दिवस लागतील.

"मग नोंद करा, पेशंटने छातीत दुखतंय असं सांगितलं आणि तुम्ही तीस दिवस थांबायला सांगितलंत. तुमच्या नावाचं स्पेलिंग काय?"

मग तिने फोन वरिष्ठांना जोडून दिला. दुसऱ्या दिवशी डॉ. लिंडग्रेनही इन्शुरन्सच्या डॉक्टरांशी स्वतः बोलले. चौथ्या दिवशी मंजुरी आली.

टेस्टच्या दिवशी नाडी मंदावणारी गोळी, जिभेखाली स्प्रे, इंजेक्शन जाताच अंगभर पसरलेली ऊब, आणि "श्वास रोखा." एवढंच.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. दोन्ही बाजूंना स्टेंटच्या पांढऱ्या कडा, आणि वरच्या टोकाला आत वाढलेला करडा थर. रक्ताला जेमतेम एक तृतीयांश वाट उरलेली.

"जरा मोठं करा," रत्नाताई म्हणाल्या आणि चष्मा सरसावून बघत राहिल्या.

"स्ट्रेस टेस्टमधून हे निसटलं," डॉक्टर म्हणाले. "आणि माझ्याकडूनही. आय अ‍ॅम सॉरी."

"सॉरी ठीक आहे. ती अँग्झायटी माझ्या फाइलमधून आजच्या आज काढा."

डॉक्टरांनी ती नोंद समोरच खोडली. पुढच्या आठवड्यात कॅथेटरची बारीक नळी घालून खात्री केली, बलूनने वाट मोकळी केली. मे महिन्यात रत्नाताई लायब्ररीचा चढ न थांबता चढल्या.

जूनमध्ये मराठी मंडळातल्या लताकाकूंचा फोन आला. जिना चढताना दम लागतो, डॉक्टर म्हणतात वयामुळे असेल.

"अपॉइंटमेंट कधी आहे तुझी?" रत्नाताईंनी विचारलं. "गुरुवारी? तयार राहा, मी येतेय बरोबर."