एका दिव्याचा फोटो

जुन्नरच्या बाजारातला आमचा फोटोवाला गिऱ्हाईक नसलं की मोबाइलवर जुने ब्लॅक-अँड-व्हाइट इंग्रजी सिनेमे बघतो. हॅट डोळ्यांवर ओढलेल्या गुन्हेगारांचे, आणि तेही आवाज बंद करून. "बोलणं कळत न्हाई भाऊ, सावली कळती," म्हणतो. त्याच्या खिडकीला लाकडी पट्ट्यांचा पडदा आहे. त्यातून उन्हाचे पट्टे भिंतीवर पडले की हातातलं काम सोडून बघत बसतो. ओळखपत्राचा फोटो म्हटलं की मात्र तोंड आंबट करून सगळे दिवे लावतो.

गेल्या महिन्यात वडिलांना घेऊन गेलो. आपण गेल्यावर भिंतीवर लावायला एक बरा फोटो असावा, हा त्यांचा हट्ट. डावा डोळा कडब्याचं धाट लागून गेलेला, म्हणून लग्नाकार्यातल्या फोटोत ते कायम कुणाच्या तरी खांद्याआड.

फोटोवाल्याने त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग एकेक दिवा बंद करत उजवीकडचा एकच ठेवला.

"आरं, अंधार लई झाला," वडील म्हणाले.

"बाबा, उजेड कुणीबी लावतं. टोपी जरा पुढं घ्या."

फोटोत अर्धा चेहरा काळोखात, टोपीची कड पांढरीशुभ्र, आणि उजवा डोळा असा रोखलेला की बघणाऱ्यानेच नजर खाली करावी.

घरी येताच वडिलांनी स्वतः खिळा ठोकला. आई ओरडली, "आवं, जित्या माणसाचा फोटो भिंतीला लावत्यात व्हय?"

"मग मेल्यावर मला कसा दिसंल?" म्हणाले, आणि फोटोसमोर खुर्ची टाकून बसले.