न आणलेली कुपी

चाळिशी उलटली तरी घरात तिला सगळे बेबीच म्हणत. आई लवकर गेली तेव्हा थोरल्या बहिणीनं तिला आपल्या सासरी नेलं आणि भाऊजींनी पोटच्या मुलीसारखं शिकवलं. तेच भाऊजी आता आतल्या खोलीत अंथरुणाला खिळले होते. फुप्फुसात बुरशी पसरली होती. तिच्यावर औषध होतं, पण ते पाण्यात विरघळायचं नाव घेत नसे. गोळी पोटात जायची आणि बरीचशी तशीच बाहेर पडायची.

बेबी कंपनीच्या प्रयोगशाळेत नेमकं तेच औषध चरबीच्या नॅनो कणांत भरत होती. एका केसाच्या जाडीत शेकडो मावतील इतके बारीक कण. त्यांच्या पोटात बसून औषध रक्तातून थेट फुप्फुसात पोचावं, यासाठी सगळा खटाटोप. सशांना गुण आला होता. माणसाला अजून कुणी टोचलं नव्हतं.

"एक कुपी आण," ताई भाजी चिरता चिरता म्हणाली.

"ताई, ते कण काही दिवस ठेवले की एकमेकांना चिकटतात. शिरेत गुठळी झाली तर?"

"सशांना झाली?"

"नाही."

"मग?"

हे रोजचंच झालं. प्रयोगशाळेत हात लांबवला की कुप्यांचा फ्रीज, घरी पाय टाकला की ताईची नजर. एकदा तिनं कुपी एप्रनच्या खिशात घातलीसुद्धा. दारापर्यंत गेली आणि परत येऊन ठेवून दिली.

त्या संध्याकाळी तिनं भाऊजींना सगळं सांगून टाकलं.

"आणलीस तरी मी घेणार नाही," ते धापा टाकत म्हणाले. "माझं काही बरंवाईट झालं, तर तुम्ही दोघी एका घरात राहाल कशा? आणि हे तुझ्या ताईला सांगू नकोस. तिला वाटेल, मला जगायचंच नव्हतं."

पुढच्याच महिन्यात ते गेले.

ताई भांडली नाही. जेवायला वाढायची, कामापुरतं बोलायची. बेबीच्या ओठांवर भाऊजींचे ते शब्द कितीदा यायचे, पण ते बोलायचे तर गेलेल्या माणसावर ढकलल्यासारखं होणार. दुसरीकडे खोली घ्यावी, तर ताई एकटी पडणार.

कणांना वेगळं वेष्टन दिल्यावर ते चिकटायचे थांबले. वर्षा-दीड वर्षानं पहिल्या रुग्णांना औषध दिलं, आणि ते लागू पडलं. बेबीनं घरी येऊन सांगितलं.

ताईचा हात पोळीवर थांबला. "कुणाचं तरी भलं झालं," ती म्हणाली आणि तव्यावरची पोळी उलटली.

बेबी हात धुऊन पाटावर बसली.