डोलीना आत्या तिकीट काढत नाही

माझ्या डोलीना आत्याने माझा जितका अंत पाहिला तितका माझ्या नवऱ्यानेही पाहिला नाही, आणि माझा नवरा काही साधा माणूस नाही. दूनारन किल्ल्याच्या दारात एक खिडकी आहे, तिथे बसून मी तिकिटं विकते. सकाळी खिडकी उघडली की पहिली समोर तीच. डोक्याला रुमाल, पायात रबरी बूट, हातात तिच्या नवऱ्याची, टॉर्किलकाकांची, मेंढ्या हाकायची काठी.

"दार उघड, इशबेल."

"आत्या, तिकीट."

"मी किल्ला बघायला आले नाही. नवऱ्याला भेटायला आलेय."

मागे बसमधून उतरलेल्या लोकांची रांग, त्यावर पावसाची झिमझिम. आत्या जागची हलत नसे. मनासारखं बोलून झालं की काठी टेकत आली तशी परत जाई. मी पुढच्या माणसाला हसून "सुप्रभात" म्हणायची आणि मनात तिला शिव्या घालायची.

आमच्या लहानपणी किल्ला म्हणजे छप्पर उडालेला दगडांचा ढीग होता. तटाच्या आत, समुद्राच्या अंगाला, गावाचं कबरस्तान. तटाला भगदाड होतं. त्यातून मेंढ्या जायच्या, आम्हीही जायचो. मग आमच्या मॅकारन कुळाच्या प्रमुखाला, जो टोरांटोत राहतो, पूर्वजांचा पुळका आला. ट्रस्ट निघाला, गवंडी वर्षानुवर्षं ठाण मांडून बसले. छप्पर चढलं, भिंतींना चुन्याचा पिवळट गिलावा आला, दिवाणखान्याच्या चुलाण्यात विजेची लुकलुकणारी खोटी आग आली. आणि भगदाड बुजलं. त्याचं तेव्हा कोणाला काही वाटलं नाही.

उन्हाळ्यात आमच्याच आडनावाची माणसं परदेशातून येतात, कुळाच्या चौकड्यांचे घागऱ्यासारखे नवे कोरे किल्ट नेसून त्या गिलाव्याला हात लावतात आणि रडतात. रडू देत बिचारी. पण आत्या शेजारी उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायची, त्याने मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"हा कुठला मॅकारन गं? याच्या पणज्याने आमची बोट पळवून नेली होती. आणलीय का परत, विचार त्याला."

गिलावा वाळतो न वाळतो तोच टॉर्किलकाका गेले. जुन्या रीतीने आमच्याकडे शवपेटी पुरुष खांदा बदलत नेतात आणि बायका घरी थांबतात. आता पुष्कळ बायका जातात, पण आत्या जुन्या वळणाची. परत येणाऱ्या मंडळींसाठी ती घरी सँडविचना लोणी लावत बसली. "मी उद्या जाईन, एकटी. मला गर्दी नको," म्हणाली. दुसऱ्या दिवशी गेली तर भगदाडाच्या जागी भिंत, आणि दारात मी.

आमचे व्यवस्थापक मिस्टर प्रिंगल एडिनबराचे. माणूस वाईट नाही, पण नियमाबाहेर श्वाससुद्धा घ्यायचा नाही. आत किती माणसं आहेत याचा हिशोब विमा कंपनीला लागतो, म्हणून तिकीट नाहीतर पास हवाच. त्यांनी आत्यासाठी फुकटचा पास काढायची तयारी दाखवली. त्यावर छापलेलं होतं, 'दूनारनचे मित्र'.

"मित्र?" आत्या म्हणाली. "माझी सासू आत आहे, सासरा आत आहे, दोन दीर आत आहेत, नवरा आत आहे. मी मित्र कशी?"

"आत्या, नुसता शब्द आहे तो."

"तर मग 'मालकीण' छाप."

मी तरी किती ताणून धरणार? एकदा तिला हळूच सांगितलं, उपाहारगृहाच्या मागचं दार दुपारी उघडंच असतं, ये तिकडून. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा लहान झाले. "त्याच्याकडे चोरासारखी जाऊ? कचऱ्याच्या डब्यांमधून?" त्या दिवशी मी घरी जाऊन दोन कप फोडले.

मग फर्गस कोळी वारला. किल्ला विकत घेताना ट्रस्टने गावाचा एक जुना हक्क मान्य केला होता. प्रेतयात्रा आली की दोन्ही दारं सताड उघडायची, आणि पेटीमागून येणाऱ्या कोणालाही काही विचारायचं नाही. मी दारं उघडली. पुढे पेटी, मागे माणसं, आणि सगळ्यात शेवटी काळा कोट घालून डोलीना आत्या. आयुष्यात पहिल्यांदा ती बायकांची रीत मोडून अंत्ययात्रेत चालत होती. माझ्या खिडकीवरून जाताना तिने मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.

तेव्हापासून गावातलं एकही मरण तिने सोडलं नाही. जिच्याशी उभा दावा होता त्या पोस्टातल्या बाईलाही पोचवून आली. टेकडीपलीकडच्या वाडीतला कोणी गेला, ज्याचं तोंडही तिने कधी पाहिलं नव्हतं, तरी आत्या हजर. प्रार्थना संपली की लोक चहाला परतायचे, ही टॉर्किलकाकांच्या दगडापाशी जाऊन उभी राहायची. आमचं गाव केवढं, त्यात माणसं चिवट. मधल्या दिवसांत तिचा जीव कासावीस व्हायचा. दुकानात कोणी खोकलं तरी ती लगेच वळून बघायची.

रुअरी तिचा जुना वैरी. पीट, म्हणजे जळणाची दलदलीतली माती, कापायच्या जमिनीच्या हद्दीवरून दोघांचं तीस वर्षं वाकडं. एका हिवाळ्यात तो छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला, तर ही त्याच्याकडे रोज रस्सा घेऊन जायला लागली.

"कशी आहे तब्येत, रुअरी?"

"उतार पडतोय."

"असं का," आत्या म्हणायची, आणि तिचा चेहरा इतका उतरायचा की रुअरीची बायको हसत आत निघून जायची.

रुअरी बरा होऊन उठला. "तुला आत जायचंय म्हणून मी मरणार नाही, डोलीना," त्याने चर्चच्या पायरीवर चारचौघांत सांगितलं. "रस्सा मात्र चांगला होता."

पुढच्या हिवाळ्यात गावात कोणीच गेलं नाही. आत्या खंगली, अंथरुणाला लागली. मी तिच्याकडे मुक्कामाला गेले तेव्हा पर्समध्ये तिचा पास होता. तिला न सांगता मीच काढला होता, फोटो चिकटवून. तो तिच्या पांघरुणावर टाकला आणि माझा बांध फुटला. म्हटलं, दहा मिनिटांचा रस्ता आहे, उद्या गाडीने नेते. एका कागदाच्या तुकड्यासाठी नवऱ्याला टांगून ठेवलंस आणि माझाही जीव खाल्लास. कशासाठी एवढा हट्ट?

तिने पास हातात घेऊन स्वतःचा फोटो पाहिला. "कुठला हा? माझी हनुवटी एवढी पुढे आहे?"

"आत्या."

"आधी नुसतं भेटायचंच होतं गं मला. दारात अडवलंत म्हणून चिडले होते. मग फर्गसच्या पेटीमागून चालले." तिने पास उलटा करून पांघरुणावर ठेवला. "टॉर्किलला मातीत ठेवत होते तेव्हा मी लोणी लावत होते, इशबेल. काकडीच्या सँडविचना. रीत रीत म्हणत घरी बसले. आता कोणाचीही पेटी असो, मी त्याच्याच मागून चालते. पास घेऊन गेले तर त्याच्या दगडापाशी पोचेन. त्याला पोचवायला कशी जाणार?"

मी उठून चूल सारखी केली, पीटचे दोन तुकडे टाकले आणि उगाचच भांडी आपटली. इतकी वर्षं हे एक वाक्य पोटात ठेवून ती रोज माझ्याशी तिकिटावरून भांडत होती. सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, हेही मला ठाऊक नाही, पण राग आला तो आलाच.

बर्फ वितळायच्या आत ती गेली. मी सकाळी दोन्ही दारं सताड उघडली, मिस्टर प्रिंगलना खिडकीत बसवलं आणि पेटीमागे चालायला लागले. पेटी खड्ड्यात सोडताना डोक्याकडची दोरी सगळ्यात जवळच्या माणसाला देतात. ती मला दिली. पायाकडची रुअरीने मागून घेतली. "इतका रस्सा प्यायलोय," तो पुटपुटला. टॉर्किलकाकांच्या शेजारी तिला ठेवलं आणि सगळे सँडविच खायला परतले.

त्या दाराची किल्ली रोज माझ्या खिशात असते. मला तिकीट नको, पास नको, कोणाला विचारायला नको. जेवणाच्या सुट्टीत सहज तिच्या दगडापाशी जाऊन येता येईल. तरी मी अजून एकदाही गेलेली नाही. दारापर्यंत जाते, किल्ली चाचपते आणि परत फिरते. या बाईने मेल्यावरसुद्धा माझा पिच्छा सोडलेला नाही.

परवा दुकानात रुअरी पाव घेत होता. मध्येच त्याला खोकल्याची उबळ आली.

"छातीतला आहे की नुसता घशातला?" मी विचारलं.

रुअरीने पाव पिशवीत टाकला आणि माझ्याकडे नीट निरखून पाहिलं.

"इशबेल," तो म्हणाला, "तूसुद्धा सुरू झालीस?"