टॉफीचा घास

धुरपदाबाईच्या तळहातावर घास असेल तरच टॉफी तोंड लावायचा. ताटलीत वाढा, वाटीत वाढा, शेठाणीनं बिस्कीट मोडून पुढं धरा. तो मान फिरवून भिंतीकडं बघत बसायचा.

खोड तिनंच लावलेली. रुपचंदशेठनं हे कुत्र्याचं पिल्लू मुंबईहून धुळ्याच्या बंगल्यात आणलं तेव्हा ते अन्नाला शिवत नव्हतं. आई पांढरी पॉमेरेनियन, बाप लांब कानांचा स्पॅनियल. दोघांचे गुण एकात उतरलेत, असं विकणारा म्हणाला होता. धुरपदाबाईच्या वाट्याला दोघांच्या कटकटी आल्या. पिल्लू मरतंय की काय या भीतीनं तिनं दुधातली भाकर आधी आपल्या तोंडात चावून मऊ केली आणि हातावर ठेवली. तिच्या गावी आईविना लेकरं अशीच जगवत. पिल्लानं हात चाटून लख्ख केला. त्या दिवशी तिला कोण कौतुक वाटलं.

आता टॉफी तीन वर्षांचा झाला होता. रोज केस विंचरायचे, नाहीतर काखेत गाठी बसत आणि मग हात लावला की तो दात दाखवी. लोंबते कान उलटून कापसानं कोरडे करायचे, ओल राहिली की आंबूस वास सुटे. उन्हाळ्यात तर जीव नकोसा. तिनं जनावरांच्या डॉक्टरला विचारलं, भादरून टाकू का? तो म्हणाला, नको, तेच केस उन्हापासून राखतात, कातडी भाजेल. म्हणून भर दुपारी कुलरसमोर टॉफी, आणि टॉफीशेजारी धुरपदाबाई. ती परसात गेली तरी दाराला नखं लागत.

बंगल्यामागं ती राहायची ती खोली शेठची. काम सुटलं तर खोलीही सुटणार, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, जवळ आली. गल्लीत झोके बांधले गेले, घरोघर सासुरवाशिणी येऊ लागल्या. धुरपदाबाईची लेक वच्छला पिंपळनेरला दिलेली. माहेरचं माणूस मूळ घेऊन, म्हणजे न्यायचं बोलावणं घेऊन, आल्याशिवाय सून उंबरा ओलांडत नाही, अशी तिच्या सासूची रीत. धुरपदाबाईला नवरा नाही, मुलगा नाही. जायचं तर तिनंच. गेल्या आखाजीला टॉफी आजारी, म्हणून ती गेली नव्हती. वच्छला दारात पिशवी भरून बसून राहिली होती म्हणे.

“दोन दिवस सोडा बाई,” तिनं शेठाणीला, सुनंदाबाईंना म्हटलं.

“अगं, आणि हा काय खाईल? उपाशी मारतेस का मुक्या जीवाला?”

ड्रायव्हर झुलाल जीप पुसत ऐकत होता. तिचं जुनं लुगडं डोक्यावर घेऊन तो घास घेऊन बसला. टॉफीनं लुगडं हुंगलं, झुलालच्या मिशा बघितल्या आणि असा भुंकला की शेठाणी गॅलरीत आली.

“आक्का, तुना हातले साखर लायेल शे का वं?” झुलाल लुगडं झटकत म्हणाला. “ऱ्हाऊ दे. मीच जास मूळ लेवाले. सांगसू, मी तिना मामा शे.”

“मामाले असा मिशा नहीत रे!” म्हणत तिनं लुगडं त्याच्या हातून घेतलं.

आखाजीच्या आदल्या सांजेला झुलाल वच्छलाला घेऊन आला. पोर वाळली होती, पण हसत होती. माय-लेकी धड बोलल्याही नाहीत, तोच आतून हाक आली. टॉफीच्या जेवणाची वेळ. धुरपदाबाई पुरण वाटायला बसलेली, म्हणून वच्छलाच वाटी घेऊन गेली.

हात धुऊन धुरपदाबाई मागोमाग आली, तर वच्छलाच्या तळहातावर टॉफी जेवत होता. शेपूट हलत होती.

“बघ तरी!” सुनंदाबाई टाळ्या पिटत होत्या. “तुझाच हात आहे गं हिला. वच्छला, राहा ना इथंच. नवऱ्यालाही आणू, गोदामात लावू. तुझी आई थकली आता.”

वच्छलाच्या डोळ्यांत उजेड आला. “ऱ्हास की मी. माय, तू सुटशी.”

सुटशी. धुरपदाबाई सुटली की पोर अडकणार. समोर तिला पोरीचा हात दिसत होता, मनगटापर्यंत लाळेनं भिजलेला.

ती पुढं झाली. लेकीच्या हातावरचा घास तिनं खरडून घेतला, वाटी ओढली.

“याले मीच खावाडसू. तू झोकावर जाय.”

“माय, चारेक घास ते ऱ्हायनात...”

“जाय म्हंतस ना! पुन्हा याले हात लावू नको.”

सुनंदाबाई चमकल्या. वच्छला पदर सावरत उठली, दारात थांबली. “कुत्रं तुले पोटनी पोरपेक्षा जवळनं शे का?”

शेठाणी समोर उभी. तिच्यादेखत खरं कसं सांगावं? धुरपदाबाईनं वाटीतली भाकर कुस्करायला घेतली.

वच्छला गेली. टॉफी तिच्या वाटेकडं बघत कुईकुई करू लागला. धुरपदाबाईनं भाकरीचा तुकडा तोंडात घातला, चावला, तळहातावर काढला आणि त्याचं तोंड आपल्याकडं वळवून धरलं.

“खाय,” ती म्हणाली. “खाय ना रे मुडद्या.”